गिटारची पोटाकडची बाजू

मनवर सरांनी मला दिलेला सगळ्यात मोठा धक्का विजेचा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. कारण विजेचे धक्केही त्यांनी मला पुष्कळ दिले. स्नेहसंमेलनाच्या सकाळी मंडपात "सर, जरा धरता का?" असं म्हणून ते आपली इलेक्ट्रिक गिटार माझ्या गळ्यात अडकवत, पायाने अ‍ॅम्प्लिफायरचं बटण दाबत, आणि मी, गणिताचा ज्येष्ठ शिक्षक, सातवी अ आणि सातवी ब यांच्यादेखत एक छोटासा नाच करून दाखवत असे. मग ते शांतपणे गिटार परत घेत.

"करंट येऊन राह्यला," ते म्हणत. "म्हंजे चालू हाये."

सर जाऊन आता दोन वर्षं झाली. पण अजून कुणी मला काही धरायला दिलं की मी आधी त्याच्या पायाकडे बघतो.

देवानंद मनवर मंगरुळपीरच्या आमच्या शाळेत चित्रकला शिकवत. अंगाने फूटपट्टी. पांढरा शर्ट, काळी पँट, आणि त्या पँटवर एक पट्टा, ज्याचं पितळी बक्कल साबणाच्या वडीएवढं होतं. एवढ्या बारीक माणसाने एवढं बक्कल का लावावं, यावर शिक्षकांच्या खोलीत बरेच तर्क झाले. कुणी म्हणे वाऱ्याने उडून जाऊ नये म्हणून. मी स्वतः त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "कामाचं हाये." पुढे काही नाही. त्यांच्याकडून सरळ उत्तर मिळवणं म्हणजे गोगलगायीला धावायला लावणं.

वर्गात त्यांचा एकच कायदा होता. खोडरबर बंद. वर्षाच्या सुरुवातीला पोरांचे सगळे रबर ते गोळा करत आणि टेबलाच्या खणात टाकत. एकदा एका पोराने पाच पायांची गाय काढली आणि रडायला लागला. सर बराच वेळ त्या गाईकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाचवा पाय राहू दे. त्याच्या मांगं दुसरी गाय उभी कर." पोराने केली. ते चित्र जिल्ह्याच्या स्पर्धेला गेलं आणि परीक्षकांनी त्यातल्या खोलीचं कौतुक केलं.

तपासणीला एक मोठे साहेब आले होते. त्यांना खूश करायला म्हणून मुख्याध्यापकांनी सरांना बसल्या बैठकीत साहेबांचं चित्र काढायला सांगितलं. सरांनी काढलं. साहेबांनी ते हातात धरलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि विचारलं, "माझं नाक खरंच एवढं मोठं आहे?"

"नाही, साहेब," सर म्हणाले. "कागदावर मावलं तेवढंच काढलं."

मुख्याध्यापक त्या दिवशी जेवले नाहीत.

आणि सुट्टीच्या दिवशी ते गायन पार्टीत गिटार वाजवत. आमच्या भागात जयंतीला, लग्नाला, वास्तूला भीमगीतांच्या पार्ट्या बोलावतात. ढोलक, पेटी, बँजो असतोच. गिटार फक्त मनवर सरांच्या पार्टीत होती. ती ते घराशेजारच्या पिठाच्या गिरणीवर जुळवत. गिरणीचा पट्टा फिरायला लागला की जो घुमारा निघतो तो त्यांचा सा. एका वर्षी गिरणीवाल्याने नवी मोटर बसवली, पट्टा जोरात फिरायला लागला, आणि अख्खी पार्टी त्या हंगामात एक पट्टी वर गायली. गायकाचा घसा बसला तेव्हा तो सरांकडे तक्रार घेऊन आला. सर म्हणाले, "मले नको सांगू. गिरणीवाल्याले सांग."

त्या गिटारबद्दल आसपासच्या गावांत पुराणं होती. ती फॉरेनची, यावर सगळ्यांचं एकमत. कशी आली, यावर नाही. कामरगावचे लोक सांगत की जहाजावरच्या एका खलाशाने ती दिली. किन्हीराजात ती एका परदेशी बौद्ध भंतेजींची भेट होती. आसेगावात तर तिच्यासाठी एक विमान पडलं होतं. तिचा आकारही तसाच चमत्कारिक. एक बाजू नेहमीसारखी आणि दुसरी कोहळ्यासारखी बाहेर आलेली. अकोल्याहून दोन जाणकार वादक खास बघायला आले, फोटो काढले, आणि हे मॉडेल जगात फार थोडं निघालं असं एकमेकांना सांगत निघून गेले. सर दारात उभे राहून त्यांना हात हलवत होते. मी म्हटलं, सर, खरंच फॉरेनची? ते म्हणाले, "म्या कुठं म्हनलो?"

तर असे मनवर सर निवृत्त व्हायला आले, आणि निरोप समारंभाची समिती माझ्याकडे आली.

शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ यांचा मला कंटाळा आहे. मी समितीत जाहीर केलं की आपण सरांची गिटार नवी करून देऊ. तिचा लाल रंग जागोजागी तडकलेला, खुंट्यांना गंज, आणि पोटाकडची बाजू तर पार खरवडून निघालेली. समितीने टाळ्या वाजवल्या. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "पाहू." आठवड्याने विचारलं. "पाहू." तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "सर, राहू द्या ना. झिजू द्या." मला वाटलं माणूस भिडस्त आहे, आमच्यावर भार नको म्हणून नाही म्हणतो. अशा माणसांना न विचारता उपकार करावे लागतात, असं माझं तेव्हा मत होतं.

म्हणून एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी चित्रकलेच्या खोलीतून ती गिटार चोरली. दुसरा शब्द नाही. चादरीत गुंडाळली, स्कूटरवर पायांमध्ये उभी धरली आणि हमीद मिस्त्रीच्या दुकानात नेली.

हमीद मिस्त्री म्हणजे आमच्याकडचा लाकडातला शेवटचा शब्द, आणि सरांचा लहानपणापासूनचा दोस्त. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. साधा पाट करायला तो माणूस चार महिने लावी आणि घाई केली तर पाच. मी गिटार त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, समोरचं राहू द्या, खरी दशा मागची आहे. आणि उलटी केली.

ताटाएवढी जागा रंग जाऊन उघडी पडली होती. रंगाखालची पुट्टी भुगा होऊन गळत होती, आणि त्या भुग्यातून लाकडाचं एक टोक वर आलं होतं, काट्यासारखं. मला वाटलं, कपची निघाली.

हमीद मिस्त्रीने त्यावर पटकन तळवा ठेवला.

"कोनी पायलं हे?" त्याने विचारलं. मी म्हटलं, कुणी कशाला बघतं, ही बाजू सरांच्या पोटाला असते. तो उठला, पुट्टीचा डबा काढला, बोटानेच पुट्टी घेतली. माप नाही, घासकागद नाही, काही नाही. मला म्हणाला, "तुमी जा, सर. सांजपर्यंत करून ठेवतो. पैसे नको." चार महिन्यांचा माणूस सांजपर्यंत म्हणतो, तिथेच मला शंका यायला हवी होती. पण मी स्वतःच्या चातुर्यावर इतका खूश होतो की स्टुलावर बसून राहिलो.

तेवढ्यात दारात सायकल आडवी पडल्याचा आवाज आला. मनवर सर आत आले. त्यांना इतका दम लागलेला मी कधी पाहिला नव्हता.

"हमीद, ठेव ते."

"अबे देवा, उघडं पडून राह्यलं," मिस्त्री दबक्या आवाजात म्हणाला. "चोच दिसून राह्यली."

"दिसू दे."

"तू कसम खाल्ली होती."

"सांगनार नाही अशी खाल्ली होती. आजपावतर कोनाले सांगतलं काय म्या? पन दिसू देनार नाही, अशी कुठं होती?"

मिस्त्री त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर हळूहळू खाली आली आणि त्या पितळी बक्कलावर थांबली. माझीही तिथेच थांबली.

"मुद्दाम?" मिस्त्रीने विचारलं.

"छत्तीस वर्सं," सर म्हणाले.

मी स्टुलावरून उठलो आणि परत बसलो. वीस वर्षं ज्या बक्कलावर मी विनोद केले ते बक्कल नव्हतं, तो रंधा होता. हा माणूस प्रत्येक जयंतीला, प्रत्येक लग्नात, हजारो लोकांसमोर, पोटाने त्या गिटारचा रंग काढत होता. कसली चोच, असं मी विचारलं. कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आणि पडदा सरकला. शहनाजभाभी, मिस्त्रीची बायको, चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या.

मिस्त्रीने गिटारवर चादर टाकायला हात उचलला, पण चादर माझ्या मांडीवर होती. भाभींनी ट्रे लाकडाच्या ढलप्यांवर ठेवला. त्या टेबलाशी गेल्या. ओली पुट्टी बघितली, सुकी पुट्टी बघितली. टेबलावरची पटाशी उचलली, आणि सुताराच्या घरात वाढलेली बाई जशी धरील तशी धरून टोकाशेजारी एकदाच फिरवली. पुट्टीचा एक खपला उडाला. चोचीमागे डोळा होता.

"हा अब्बाचा मोर हाये," त्या म्हणाल्या.

आता ही गोष्ट मला त्यानंतरच्या तासाभरात तुकड्यातुकड्याने कळली ती मी तुम्हाला सरळ सांगतो. भाभींचे वडील या भागातले नावाजलेले कारागीर. हमीद मिस्त्री त्यांचाच शागीर्द. मुलीच्या लग्नात त्यांनी स्वतःच्या हाताने सागवानी पलंग केला आणि उशाच्या फळीवर एक मोर कोरला. त्यानंतर दोन महिन्यांनी ते वारले. तो मोर त्यांचं शेवटचं काम.

भाभी माहेरी असताना, त्याच दिवसांत, तरुण देवानंद मनवर उतरलेल्या तोंडाने हमीदकडे आला. अकोल्याच्या एका ऑर्केस्ट्राने त्याला मोडकी गिटार देऊन टाकली होती. मान, तारा, खुंट्या, आतला विजेचा भाग सगळा फॉरेनचा, पण धड जीपखाली येऊन चुरा झालेलं. आठ दिवसांत गिटार घेऊन उभा राहिलास तर पार्टीत घेतो, नाही तर दुसरा बघतो, असं पार्टीच्या म्होरक्याने सांगितलेलं. जाड, जुनं, मुरलेलं लाकूड पाहिजे होतं. ते हमीदच्या घरात एकाच ठिकाणी होतं. हमीदने पलंगाची उशाची फळी काढली, मोर मागच्या बाजूला घेतला, भोवती पुट्टी भरून सपाट केला आणि वर लाल रंग दिला. दोस्ताकडून कसम घेतली. आणि बायको परत आली तेव्हा तिला सांगितलं की फळीला वाळवी लागली होती, जाळून टाकली.

"वाळवी," भाभी म्हणाल्या. "सागाले. मिस्त्रीच्या पोरीले सांगतलं तुमी हे."

मिस्त्रीचा चेहरा मी विसरणार नाही. छत्तीस वर्षं जिच्यावर घर उभं आहे असं वाटलं ती भिंत मुळात नव्हतीच, असं कळलेल्या माणसाचा तो चेहरा होता.

"तुले मालूम होतं?"

"खोटं हाये हे मालूम होतं. मले वाटे तुमी इकला."

"मंग इचारलं काहून नाही?"

"इचारलं असतं त आनखी एक खोटं बोलले असते. मले एकच पुरे झालं होतं."

चहा गार झाला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी भंगार, भंगार ओरडत गेला.  मग भाभींनी पटाशी मिस्त्रीसमोर ठेवली आणि सांगितलं की खुरचा, माझ्यासमोर.

त्याने खुरचलं.  सरांनी गिटारची मान दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, जसं इंजेक्शन देताना लेकराचं डोकं धरतात. डोळ्यानंतर तुरा आला. गळा आला. मग पिसारा, एकेक पीस मोजून घ्यावं असा. पिसारा जिथे फुलत गेला तिथेच गिटारचं लाकूड कोहळ्यासारखं बाहेर आलेलं होतं. मी वाकून बघितलं. कडेपर्यंत आलेलं शेवटचं पीससुद्धा अखंड होतं. कुठेही करवत लागलेली नव्हती.

"कागदावर आकार काढला होता बराबर," मिस्त्री खाली बघत म्हणाला. "पन त्याच्यात अर्धा पिसारा जात होता. उस्तादवर करवत चालली नाही. मंग मोराच्या मापानं कापली."

जगात फार थोडं निघालेलं मॉडेल. अकोल्याचे ते दोन जाणकार माझ्या डोळ्यांसमोर आले आणि मला हसू फुटलं. मी ते खोकला म्हणून खपवलं. भाभींनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचाही पदर तोंडाशी गेला, पण तो हसण्यासाठी होता की कशासाठी, ते मला कळलं नाही.

मग त्या सरांकडे वळल्या.

"आन तुमी, सर. इतके वर्सं माह्या बापाले पोटाशी धरून गावोगाव फिरले. मले एकदा त दाखवाचं."

ज्या माणसाने साहेबांच्या नाकाला उत्तर दिलं तो खाली वाकून बक्कलावरचा पुट्टीचा भुगा पुसत राहिला.  शेवटी म्हणाले, "कसम होती, भाभी."

"ते माह्यापासून लपवाची होती ना? आता मले दिसलं. संपली. आता सगळ्याईले सांगा कोनं बनवली ते."

मी गणिताचा माणूस, वाटणी बरोबर व्हावी असं मला वाटतं. मी विचारलं, भाभी, फळी परत पाहिजे का? सरांनी लगेच खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. तो त्यांच्या खिशात आधीपासून होता, याचा मला धक्का बसायला त्या दिवशी जागाच उरली नव्हती. ते खरंच मान सोडवायला लागले. एक स्क्रू निघाला, दुसरा निघाला. त्यांना दुसरी गिटार मिळणार नव्हती आणि मिळाली तरी ती वाजवणारा माणूस ते नव्हते, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

भाभी बघत होत्या. तिसऱ्या स्क्रूला त्यांनी सरांच्या हातावर हात ठेवला.

"राहू द्या. पलंगावर मुका होता. इथं बोलते त."

रंगाचा निकाल त्यांनीच दिला. समोरून जशी आहे तशीच, तडकलेली, लाल. मागून जवसाचं तेल, दुसरं काही नाही. आणि मिस्त्रीला शिक्षा अशी की पलंगाच्या रिकाम्या जागेसाठी नवी फळी घेऊन त्यावर स्वतः मोर कोरायचा. तो अजून कोरतोच आहे. तीन मोर भाभींनी नापास केले आहेत. पहिल्याला त्या म्हणाल्या, ही कोंबडी हाये.

निरोप समारंभ दुपारी दोनला शाळेच्या सभागृहात झाला. त्यानंतर आठवड्याने सर लेकीकडे नांदेडला गेले आणि तिथेच वारले, त्यामुळे मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या दुपारी. मुख्याध्यापकांनी भाषणात गिटारचा उल्लेख तालुक्याचं परदेशी वैभव असा केला. पार्टीचे सगळे लोक आले होते. पहिल्या रांगेत शहनाजभाभी, शेवटच्या रांगेत दाराजवळ, पळता येईल असा, हमीद मिस्त्री.

सर माइकसमोर आले. गिटार गळ्यात, अ‍ॅम्प्लिफायर चालू.

"हे फॉरेनची नाही," ते म्हणाले. "मान फॉरेनची हाये. धड मंगरुळचं हाये. आपल्या हमीद मिस्त्रीनं बनवली. मोर त्याच्या उस्तादचा, भाभीच्या वडलाचा. म्या कधी फॉरेनची म्हनलो नाही. पन नाही हाये, असंबी म्हनलो नाही. ते चुकलं माह्यं."

 पार्टीच्या गायकाने चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा काढला. कामरगावचा खलाशी, किन्हीराजाचे भंतेजी, आसेगावचं विमान, सगळं एका वाक्यात बुडालं होतं. मोर कुठला, हे तर कुणाला कळतच नव्हतं.

म्हणून सरांनी गिटार उलटी केली. पट्टा गळ्यातच ठेवून, तारा स्वतःच्या छातीकडे आणि मोर लोकांकडे. तेल प्यालेला तो साग खिडकीतल्या उन्हात असा काही दिसला की मागचे लोक उभे राहिले. सर हलले नाहीत. दोन्ही हातांनी त्यांनी ती छातीशी दाबून धरली होती. चेहरा नेहमीसारखा कोरा.

तेव्हा स्पीकरमधून आवाज यायला लागला. खर्र. मग थांबे. मग खर्र. मला वाटलं वायर खराब झाली, आणि समितीचा प्रमुख म्हणून मी बटण बंद करायला उठलो. तिथे वाकलो तेव्हा कळलं. तारा सरांच्या शर्टाला टेकल्या होत्या. छाती वर आली की खर्र, खाली गेली की खर्र. आणि आता ते खर्र सारखं येत नव्हतं. अडकत होतं, तुटत होतं, लहान लहान हिसके देत येत होतं. चेहऱ्यावर काही नव्हतं. भरलेल्या सभागृहाला मात्र सगळं ऐकू जात होतं.

माझं बोट बटणावर होतं.

"सर," पहिल्या रांगेतून भाभी हळूच म्हणाल्या, "बंद नका करू."

मी हात मागे घेतला.